लंकेतल्या बाईचा शेवट

गेला महिना उजाडेपर्यंत ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, पोटच्या मुलीला नाही, शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर असते त्या मैत्रिणीलाही नाही — आणि तिला तर माझं हिमोग्लोबिन किती आहे तेसुद्धा माहीत असतं. मग एकदाची ती तोंडातून निघाली. दाढ काढून घरी आल्यावर कसं वाटतं? दुखतं, पण आतला ठणका गेलेला असतो. तसं वाटतंय सध्या. म्हणून आता तुम्हालाही सांगते.

कुठून सुरुवात करू? माणसांपासूनच करते.

मी शोभा. देवळाली प्रवऱ्याच्या बाहेर, कालव्याच्या कडेला आमचा मळा आहे — ऊस, गाईंच्या चाऱ्यापुरता घास, चार गाई. मी जवळच्याच एका वस्तीवरच्या शाळेत शिकवते. ही गोष्ट घडली तेव्हा घरात आम्ही दोघं नवराबायको, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, सुट्टीला येणारी आमची मुलगी प्राजक्ता — ती पुण्याला शिकत होती — आणि आक्का.

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, त्या माहेरी आल्या आणि इथंच राहिल्या. मी माप ओलांडून या घरात आले तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. विधवेनं पुढं यायचं नसतं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला — "वाचायला काय आनलंस का गं?"

सातवी शिकलेली बाई, पण वाचनाचं वेड असं की किराण्याची पुडी सोडली की आधी कागद सरळ करून वाचायच्या, मग त्यातली मोहरी डब्यात. गावच्या वाचनालयातल्या प्रेमाच्या कादंबऱ्या त्यांनी दोनदोनदा वाचून संपवल्या होत्या. सासूबाईंना वाटायचं, लेक पोथी वाचते.

पन्नाशीच्या आसपास साखरेनं त्यांचे डोळे नेले. नगरला नेऊन लेसर केलं, इंजेक्शनं झाली. उजेड कळायचा, समोर माणूस उभं आहे एवढं कळायचं. परातीत हात घालून त्या पिठाचा अंदाज घ्यायच्या, आणि भाकरी तव्यावर भाजली की नुसत्या वासावरून उलटायच्या. प्राजक्ताला त्यांनीच वाढवलं होतं, सासूबाईंचं सगळंही त्याच करायच्या — डोळे गेल्यावरसुद्धा. फक्त अक्षर गेलं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, पण एकदा मी त्यांना कपाटातलं पुस्तक काढून नुसतंच मांडीवर घेऊन बसलेलं पाहिलं, आणि त्या रविवारपासून मी त्यांना वाचून दाखवायला लागले.

रविवारी दुपारी जेवणं, भांडी झाली की पडवीत. त्या खांबाला टेकून, मी उजेडाकडं तोंड करून.

आता एक कबूल करते, कारण पुढच्याची मुळं तिथंच आहेत. प्रेमाच्या कादंबऱ्यांत दोघं एकमेकांच्या फार जवळ आले की मला नणंदेसमोर वाचायला लाज वाटायची. मी तेवढा परिच्छेद गाळून "आणि तेवढ्यात दार वाजलं" असं काहीतरी जोडून द्यायचे. आक्का म्हणायच्या, "ह्या पुस्तकांत दारं लई वाजत्यात गं." आम्ही हसायचो. पण मला एक गोष्ट कळून चुकली होती — मी वाचेन तेच पुस्तक. माझ्या तोंडातून येईल तेच छापलेलं. विश्वास म्हणतात तो हाच ना? मी तेव्हा त्याला विश्वास म्हटलं नव्हतं. मला त्याची गंमत वाटायची.

मग एका सुट्टीत प्राजक्तानं पाच-सहा कादंबऱ्यांचा गठ्ठा आणला. हल्ली अशा पुष्कळ निघतात म्हणाली. जुनी गाजलेली नाटकं घ्यायची आणि ती आपल्या बाजूच्या देशांतल्या, आजच्या माणसांत नेऊन बसवायची. राजवाड्याच्या जागी बंगला, पत्राच्या जागी मोबाईल. एकीत लाहोरातल्या दोन मिठाईवाल्या घराण्यांचं वैर आणि त्यांची पोरं. एकीत ढाक्यातली, कुणाचंच न ऐकणारी थोरली मुलगी. एकीत आपलंच जुनं संस्कृत नाटक, बायकोला विसरून जाणाऱ्या राजाचं — पण राजा आता दिल्लीतला बडा अधिकारी, आणि शापाच्या ऐवजी गाडीचा अपघात, म्हणून तो तिला विसरतो. ती ऐकून आक्का म्हणाल्या, "बाप्यांना निमित्त बरं मिळतंय. मागं शाप हुता, आता आक्शिडेंट."

शेवटी राहिली होती ती श्रीलंकेतली.

"लंकेतली व्हय? रावनाच्या गावची?" आक्का खुदकन हसल्या, आणि तेव्हापासून त्या नायिकेचं नाव आमच्या घरात 'लंकेतली बाई' पडलं. पुस्तकात ती मालिनी. चहाच्या मळ्यातली शाळा चालवणारी, अठ्ठेचाळीस वर्षांची विधवा. तिथंच एक डॉक्टर, बायको गेलेला. दोघं समोर आले की भांडण. दोघांनी शपथा घेतलेल्या — पुन्हा लग्न म्हणून नाही. मग तिच्या भाचीच्या लग्नाला जमलेली मंडळी एक डाव रचतात. मालिनी पडद्यामागं आहे हे बघून भाचीशी मोठ्यानं बोलायचं, की डॉक्टर बिचारा तुझ्या मावशीसाठी झुरतोय. आणि डॉक्टरला ऐकू जाईल असं तिच्याबद्दल. सगळं खोटं. पण दोघांना ते खरं वाटतं, आणि वाटता वाटता होतंही. मूळचं जुनं इंग्रजी नाटक तसंच आहे, असं प्राजक्तानं सांगितलं.

आक्कांना ते पुस्तक फार लागलं. मध्येच मला थांबवून म्हणायच्या, "ह्यो डॉक्टर आपल्या मोटारवाल्यावानी बोलतोय बघ."

मोटारवाला म्हणजे रंगनाथभाऊ. मूळचे पुणतांब्याचे, श्रीरामपुरात पाण्याच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान. विहिरीवरची आमची मोटार वर्षातून एकदोनदा जळायची, आणि ते जुन्या स्कूटरवर हत्यारांची पिशवी अडकवून यायचे. पंचावन्नच्या पुढचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एक लेक, तिचं लग्न झालेलं. त्यांचा आणि आक्कांचा उभा दावा.

"मागच्या बारीला भरल्याली मोटार तीन म्हैन्यात कशी जळती? तांब्याची तार घालता का सुतळी?"

"बाई, मोटार चांगली हाय. तुमच्या जिभंची आच लागती तिला."

"च्या घ्यायचा तर घ्या, न्हाईतर चालू लागा."

"साखर घाला मग. मागल्या बारीला इसरला हुता."

असं. डोळे गेल्यावर सगळे आक्कांशी हळू आवाजात बोलायला लागले होते, लहान मुलाशी बोलावं तसं. मीही. रंगनाथभाऊ मात्र पहिल्यासारखेच भांडायचे, तसूभरही कमी नाही. ते गेल्यावर आक्का बराच वेळ पडवीत बसून राहायच्या, आणि त्यांचा चेहरा — पण ते पुढं सांगते.

तर एका रविवारी सकाळी रंगनाथभाऊंची लेक आणि जावई आमच्याकडं आले. चहा झाला. लेक म्हणाली, "बाबा काही बोलायचे नाहीत. जन्मात नाही. म्हणून मीच आले." आणि तिनं आक्कांना मागणी घातली. सरळ, साधी, ह्यांच्याकडं बघून.

हे गोंधळले, पण वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "आक्का म्हनंल तसं. तिच्या म्होरं मी कोन?"

आक्का आत परातीत कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबले. मी दारातच होते, मी पाहिलं. त्या आतूनच म्हणाल्या, "मला आठ दिस द्या."

त्याच दुपारी पडवीत त्यांनी विचारलं, "शोभा, किती पानं ऱ्हायली गं लंकेतल्या बाईची?"

"चाळीसेक असतील."

"म्हंजी म्होरल्या रविवारी सपल. बघू तर, ती काय करती." आणि हसल्या.

मीही हसले. थट्टाच होती ती. पण माणूस किती गोष्टी थट्टेच्या पदराखाली घेऊन विचारतं? मला कळलं होतं. त्या माझा सल्ला मागत नव्हत्या, भावाचा मागत नव्हत्या. गावात एकही बाई अशी नव्हती जिनं त्या वयात दुसरा संसार मांडला होता, जिच्याकडं बघून धीर घ्यावा. होती ती ही एकच, पुस्तकातली.

इथं मला जरा थांबू द्या. इतकी वर्षं मी स्वतःला जे सांगत आले ते आधी सांगते.

मी सांगत आले की सासूबाईंचं कोण बघणार होतं? माझी शाळा, सकाळी सातला घर सोडायचं, दुपारी तीनला परत. आक्का गेल्या असत्या तर मला रजा, मग बिनपगारी रजा, मग कदाचित नोकरीच सोडावी लागली असती. मी सांगत आले की लोकांनी तोंडं वाजवली असती, प्राजक्ताच्या लग्नात आडवं आलं असतं. मी असंही सांगत आले की आंधळ्या बाईला नव्या घरात ठेचा लागल्या असत्या, इथं तिला भिंत न् भिंत पाठ आहे. म्हणजे मी त्यांचं भलंच —

नाही. ही कारणं आहेत, पण मी जे केलं ते ह्या कारणांनी केलेलं नाही.

शनिवारी शाळेत मधल्या सुट्टीत मी उरलेली चाळीस पानं एकटीनं वाचून काढली. पुस्तकातला शेवट असा होता — भाचीच्या लग्नात सगळं उघडं पडतं. दोघांना कळतं की आपल्याला बनवलं. दोघं शरमतात, पुन्हा भांडायला लागतात, माझं काही तसं नव्हतंच म्हणतात. तेवढ्यात भाची मालिनीच्या पर्समधून एक घडी घातलेला कागद काढते, आणि कुणीतरी डॉक्टरच्या खिशातून औषधं लिहायचा कागद. दोघांनी एकमेकांबद्दल, कुणाला न दाखवता, स्वतःच्या हातानं लिहिलेलं. मग काय बोलणार? मालिनी हो म्हणते. त्याच मांडवात.

वाचून मी पुस्तक मिटलं आणि मला आक्कांचा चेहरा दिसला. रंगनाथभाऊ गेल्यावर पडवीत बसलेल्या आक्कांचा. तो चेहरा तरणा दिसायचा. आमचे हे भले आहेत. कधी हात उचलला नाही, कधी वाकडा शब्द नाही. पण इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी तसं भांडलं नव्हतं. मी पुढच्या वेळी काय बोलेन म्हणून कुणी वाट पाहिली नव्हती. आणि ही बावन्न वर्षांची, कपाळ मोकळं असलेली, डोळ्यांनी अधू बाई — हिला मागायला लोक घरी येतात?

मला हेवा वाटला. बस्स. एवढंच आहे ते. ज्या बाईनं माझी पोर वाढवली तिचा मला हेवा वाटला.

आणि मी काय केलं? भरात वाचता वाचता दोन वाक्यं बदलली, असंही नाही. मुलांच्या चाचणीचे कोरे कागद घेतले आणि शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गात बसून मी वेगळा शेवट लिहिला. दोन पानं. सकाळी उठून पुन्हा नीटनेटका केला, म्हणजे वाचताना अडखळायला नको. आणि पुस्तकात ठेवला.

रविवारी दुपारी आक्का खांबाला टेकून बसल्या. त्या दिवशी त्यांनी केस विंचरून घेतले होते हे मला आठवतं. मी छापील पानं वाचत गेले, लग्नाच्या मांडवापर्यंत आले, आणि मग माझी पानं वाचली. माझ्या पानांत ते दोन कागद सापडतच नाहीत. माझ्या पानांत मालिनीला कळतं की हे सगळं दुसऱ्यांनी पेरलेलं होतं, आणि ती डॉक्टरला म्हणते — "इतकी वर्षं मी माझ्या पायांवर उभी आहे. आता उतारवयात दुसऱ्याच्या दारात सावली शोधायला जाणार नाही." आणि मान ताठ ठेवून ती एकटी शाळेच्या पायऱ्या चढून जाते.

चांगलं लिहिलं होतं हो मी. तेच तर. वाईट लिहिलं असतं तर आक्कांना लगेच कळलं असतं.

त्या खांबापासून सरळ होऊन बसल्या. मग म्हणाल्या, "बरं केलं तिनं. लोकांनी पढवल्यालं परेम. त्याचं काय खरं?" थोड्या वेळानं पुन्हा, "मान ताठ ठिवली बाईनं."

संध्याकाळी गाईंची धार काढून हे आत आले तेव्हा आक्कांनी त्यांना सांगितलं, "त्या पोरीला न्हाई म्हनून कळव."

मी तिथंच लसूण सोलत होते. लसूण सोलणारे माझे हात थांबले नाहीत.

नाटकातल्या त्या लोकांनी खोटं ऐकवून दोन माणसं जवळ आणली होती. मी काय केलं ते तुम्हाला दिसतंच आहे.

पुढच्या खेपेला मोटार जळाली तेव्हा दुसराच मेकॅनिक आला. आक्कांनी एकदाच विचारलं, "मोटारवाला न्हाई आला व्हय?" पुन्हा कधी नाही. मी ती कादंबरी शाळेत नेऊन तक्त्यांच्या गुंडाळ्यांमागं कपाटात ठेवली, माझ्या दोन पानांसकट. जाळली का नाही? माहीत नाही. जाळायला हात होईना.

आणि मग एक नवंच सुरू झालं. उन्हाळ्यात कुरडया घालायला बायका जमल्या की आक्का त्यांना लंकेतल्या बाईची गोष्ट सांगायच्या. माझं वाक्य सांगायच्या, जसंच्या तसं — दुसऱ्याच्या दारात सावली शोधायला जाणार न्हाई. बायका वाहवा करायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा — हे लिहिताना कानशिलं तापतात — मला बरं वाटलं होतं. माझं वाक्य लोकांच्या तोंडी गेलं म्हणून. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून विनाकारण हौदावर गेले.

पुढल्या वर्षी सासूबाई गेल्या. म्हणजे तेही कारण गेलं. मग कळलं की रंगनाथभाऊंनी वैजापूरकडच्या एका बाईशी लग्न केलं. ह्यांनीच जेवताना सांगितलं. आक्कांनी ताटातला घास तसाच धरला आणि म्हणाल्या, "बरं झालं. एकट्यानं कुटं ऱ्हावं मानसानं."

तेव्हा तरी सांगायचं होतं ना? मी पुढचा घास घेतला. त्यानंतर मला वाचून दाखवणं जमेना. घसा बसतो, शाळेत बोलून बोलून दमते, असं काहीबाही सांगून रविवार टाळायला लागले. आक्का म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे गं. तुजा घसा जप." ज्येष्ठमधाची कांडी आणून द्यायच्या मला.

असं दीड वर्ष आणखी गेलं.

गेल्या महिन्यात प्राजक्ता आली ती आक्कांसाठी नवा मोबाईल घेऊन. बोलून सांगितलं की पुस्तक लागतं, कुणीतरी छान आवाजात वाचून दाखवतं. आक्का हरखून गेल्या. सकाळी मी शाळेला निघत होते तेव्हा प्राजक्ता त्यांना म्हणाली, "आत्या, तुझी ती लंकेची कादंबरीपण आलीये यात. उद्या लावून देते."

मी मोठेपणा घेत नाही. माझं मन जागं झालं वगैरे काही नव्हतं. उद्या पकडली जाणार हे कळलं, म्हणून मी आज बोलले. एवढंच.

दुपारी शाळेतून येताना कपाटातली कादंबरी पिशवीत घातली. प्राजक्ता मैत्रिणीकडं गेली होती, हे मळ्यात. आक्का पडवीत शेंगा फोडत होत्या. मी समोर बसले आणि म्हटलं, "आक्का, आज मी वाचते."

"घसा बरा हाय व्हय?"

"बरा आहे."

मी लग्नाच्या मांडवापासून सुरुवात केली. त्यांना वाटलं, जुनं आवडतं म्हणून वाचतेय, त्या शेंगा फोडत ऐकत राहिल्या. भाचीनं पर्समधून कागद काढला तिथं त्यांचे हात थांबले. डॉक्टरच्या खिशातला कागद आला तेव्हा त्या म्हणाल्या, "थांब."

मी थांबले.

"हे न्हवतं. मान ताठ ठिवून गेली हुती ती."

"ते मी लिहिलं होतं, आक्का. पुस्तकात हे आहे."

त्यांनी सूप बाजूला सारलं. एवढं हळू सारलं की एकही शेंग खाली पडली नाही.

"कवा लिव्हलंस?"

"तुम्ही आठ दिवस मागितले होते, तेव्हा."

"का?"

मी सासूबाईंचं सांगायला लागले, नोकरीचं सांगायला लागले. अर्ध्यात माझंच मला ऐकवेना. म्हटलं, "तुमचा हेवा वाटला मला."

"माजा?" त्यांना खरंच कळेना. "हेवा? आंधळीचा?"

मी हो म्हटलं. बाहेर कालव्याच्या बाजूनं कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. आक्कांनी मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाल्या, "वाच म्होरं."

मी वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत. संपल्यावर त्या म्हणाल्या, "त्यो कागुद. डॉक्टरचा. त्यो परत वाच." मी परत वाचला. अजून एकदा वाचायला लावला. मग त्या माझ्या दिशेनं तोंड करून बोलल्या.

"शोभा, तुज्यामुळंच न्हाई म्हनले मी. दुसरं काय कारन न्हवतं. मनात व्हय हुतं."

"माहीत आहे, आक्का."

"म्हाईत हाय म्हनू नगंस."

आणि खांबाला धरून उठल्या, आत गेल्या.

चार दिवस त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. माझं ताट वाढायच्या, पण हाक मारायच्या नाहीत. ह्यांच्या लक्षात आलं. त्यांनी विचारलं, "काय झालं तुमचं?" आक्का म्हणाल्या, "काय न्हाई. एका पुस्तकावरनं."

ते ऐकलं आणि मला राहवेना. माझं करणं त्यांनी पदराखाली घ्यावं? त्यांनी? मी तिथंच, चहाच्या कपासमोर, ह्यांना सगळं सांगितलं. आक्का समोर बसलेल्या होत्या. हे उठले. चहा तसाच ठेवून मळ्यात गेले, आणि जेवायला आले तेव्हा आधी बहिणीशेजारी जाऊन बसले. प्राजक्ता तोवर परत गेली होती, तिला फोनवर सांगितलं. ती रडली. म्हणाली, "आई, तू? तू असं केलंस?" मी हो म्हटलं. आठवडाभर तिचा फोन नव्हता. आता येतो, पण आधी आत्याला मागते.

पाचव्या दिवशी आक्का मला म्हणाल्या, "भाजीत मीठ जास्त झालंय." झालं होतं. मी ताटात लिंबू पिळून दिलं.

रंगनाथभाऊंकडं मी गेले नाही. त्यांच्या घरात आता त्यांची बायको आहे, माझं ओझं तिच्या दारात नेऊन का टाकू? आक्कांनीही कुणाला फोन लावायला सांगितला नाही. जे गेलं ते गेलंच आहे, आणि ते माझ्या हातानं गेलंय.

आक्का आता मला वाचायला सांगत नाहीत. रविवारी दुपारी मोबाईल कानाशी धरून पडवीत बसतात, मी आत वह्या तपासते. माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही — विचारलं तर त्यांना उत्तर द्यावं लागेल, आणि त्यांच्याकडून आता आणखी काही घ्यायचा मला हक्क नाही. पण आम्ही एका घरात आहोत, आणि या घरात आता कुणाला माहीत नाही असं माझं काही उरलेलं नाही. कुरडया घालायला बायका जमतील तेव्हा आक्का त्यांना कुठला शेवट सांगतील, ते त्यांचं त्या ठरवतील. मी तिथंच बसेन, उठून हौदावर जाणार नाही.

पुस्तकातला शेवट मी बदलला. समजून-उमजून, दोन वेळा बसून, नीटनेटक्या अक्षरात. ऐकणारीला दिसत नव्हतं म्हणून मला ते करता आलं.

हे आता तुम्हालाही माहीत झालं.